गटातला पाचवा

१

कॉलेजातला सगळ्यात गुणी विद्यार्थी कॉलेजातच नाही, हे कळलं तेव्हा प्रा. आनंद मेश्राम यांना धक्का बसायला हवा होता. पण धक्का बसायलाही अंगात थोडं त्राण लागतं, आणि बुधवारच्या दुपारी ते सरांकडे नव्हतं. त्यांनी पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं, समोरचा गार चहा पिऊन टाकला आणि आता आपल्याला जिना चढावा लागणार, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मेश्राम सर मूळचे भंडाऱ्याचे. कर्वेनगरातल्या या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते संवादकौशल्य शिकवत. हा तास मुलं झोप भरून काढायला वापरत, आणि सरांचीही त्याला फारशी हरकत नसे. कॉलेजात जे काम कोणालाच नको असे, ते फिरत फिरत त्यांच्या टेबलावर येऊन बसे. वृक्षारोपण झालं, रक्तदान झालं, वाचनालयावरचं मधमाश्यांचं पोळं झालं, आणि यंदा ई-पोर्टफोलिओ.

ई-पोर्टफोलिओ म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची कॉम्प्युटरवरची फाइल. नुसत्या मार्कांवर कंपनीत निभत नाही. चारचौघांत मिसळून काम करता आलं पाहिजे, समोरच्याचं ऐकता आलं पाहिजे, चुकलं तर सावरता आलं पाहिजे. हे आपल्याला येतं याचे पुरावे मुलांनी तिथे चढवायचे: केलेलं काम, प्रकल्पाचे फोटो, आणि खाली 'यातून मी काय शिकलो' असं मनोगत. मग शिक्षकांनी गुण द्यायचे, मुलांनी एकमेकांवर अभिप्राय द्यायचे, आणि यंत्रणेने सगळ्याची बेरीज करून क्रम लावायचा. कल्पना चांगली होती. सरांना चांगल्या कल्पनांचीच जास्त भीती वाटे. 'नेतृत्व' या सदरात निम्म्या मुलांनी सहलीच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसल्याचे फोटो टाकले होते.

उद्या सकाळी हडपसरच्या एका आयटी कंपनीच्या बाई येणार होत्या. त्यांना लेखी परीक्षा नको होती, गटचर्चा नको होती. पोर्टफोलिओच्या क्रमवारीतला पहिला विद्यार्थी बघायचा, पटला तर घ्यायचा. जागा एकच. पहिल्याला इस्त्रीचा शर्ट घालून यायला सांगा, असं प्राचार्यांनी कळवलं होतं.

पहिला होता दिग्विजय वाकळे, शाखा इन्स्ट्रुमेंटेशन. सरांनी फोन लावला, तर तो नंबरच कोणाचा नव्हता. हजेरीत नाव नव्हतं. ऑफिसातल्या बाईंनी तीन वर्षांचे प्रवेश चाळून सांगितलं की या नावाचा मुलगा कॉलेजात कधी आलेलाच नाही, आणि अशी कामं जेवणाच्या सुट्टीत आणू नका.

सर परत येऊन पोर्टफोलिओ वरपासून खालपर्यंत बघत गेले. काम उत्तम होतं, मनोगतं तर त्याहून उत्तम. सगळ्यात खाली मार्गदर्शक शिक्षकाचा शेरा होता: 'अत्यंत कष्टाळू विद्यार्थी. मी त्यास व्यक्तिशः ओळखतो.'

खाली नाव होतं, प्रा. आ. मेश्राम.

२

शेऱ्याचं कोडं फार वेळ टिकलं नाही. मार्चमध्ये सरांनी सगळ्या शेवटच्या वर्षाला एकदम निवडून एकच शेरा चिकटवला होता. दीडएकशे मुलांना ते व्यक्तिशः ओळखत होते. त्यात एक आणखी.

"सर, क्रमवारी पक्की झाली का?"

सरांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग मॉनिटरच्या मागून दीपाली इंगोले जराशी बाजूला सरकली. ती टेबलापाशी उभी राहिली की अर्धी त्या मॉनिटरमागे जाई आणि आवाज आधी पोचे.

दीपाली वाशीमची, कॉम्प्युटर शाखेची. क्रमवारीत दुसरी. तिचं काय अडलंय हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. वाशीमला तिच्या मामांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. तिथे आता संगणकवर्गही चालणार होते, कारण मामांनी दोन कॉम्प्युटर आणून टंकयंत्रांच्या रांगेत शेवटी बसवले होते. ते शिकवायला दीपाली येणार, असं मामांनी ठरवून टाकलं होतं. तिला पुण्याला धाडायला तिच्या वडिलांना राजी केलं होतं ते मामांनीच, त्यामुळे त्यांना काही नाकारायची घरात कोणाची टाप नव्हती. हातात नोकरी असली तर मी बोलून बघते, एवढं आई म्हणाली होती. बाकीच्या कंपन्या येऊन गेल्या होत्या. गटचर्चेत दीपाली दुसऱ्यांना बोलू देई, त्यामुळे तिला कोणी घेतलं नव्हतं. आता ही एक उरली होती.

सरांनी तिला दिग्विजयबद्दल विचारलं. ती म्हणाली, त्याचं काम चांगलं आहे. सर म्हणाले, त्याने तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचलंस का?

ते वाचण्यासारखं होतं. दिग्विजयने वर्गातल्या झाडून सगळ्यांबद्दल अभिप्राय दिले होते आणि सगळ्यांना पाचपैकी पाच तारे वाटले होते. जो मुलगा वर्षभर प्रयोगशाळेत क्रिकेटचा स्कोअर बघत बसला, त्याच्याबद्दल 'ताणाच्या प्रसंगी शांत राहतो' असं लिहिलं होतं. दीपालीला मात्र एकच तारा. 'नाही म्हणता येत नाही. दुसऱ्यांची कामं ओढून घेते आणि स्वतःचं मागे ठेवते. अशाने हिचं काही होणार नाही.' या एका ताऱ्यापायी ती घसरून दुसरी झाली होती.

"बरोबर लिहिलंय," दीपाली म्हणाली.

"राग नाही आला?"

"नाही सर. खरंच आहे ते."

ती गेली. खोटा पुरावा सापडला तर त्यात सामील असलेल्या सगळ्यांचे पोर्टफोलिओ रद्द, असा नियम होता. मेश्राम सरांनी तो स्वतः टाइप केला होता. आता हा दिग्विजय कोणी जन्माला घातला आणि या पोरीच्या वाटेत कोणी उभा केला, हे उद्या सकाळच्या आत शोधायचं होतं. सर जिन्याकडे निघाले, आणि वर पोचतात तोच पहिला धागा हाताला लागला. दिग्विजयला जन्माला घालणारा माणूस डबा खात बसला होता.

३

"हो, मीच उघडलं ते खातं," रंगनाथ म्हणाला. हा संगणक विभागाचा सिस्टिम सांभाळणारा माणूस. कॉलेजात त्याला कोणी घाई करत नसे, कारण त्याचा उपयोग नसे. "पोर्टफोलिओ भरायचा कसा, ते दाखवायला एक नमुना लागतो ना? म्हणून दिग्विजय वाकळे. नाव भारदस्त वाटलं."

"मग नंतर बंद का नाही केलं?"

"अहो सर, उघडायचा आदेश होता. बंद करायचा कुठाय? दाखवा, आत्ता करतो."

पासवर्ड कोणाला माहीत होता, या प्रश्नावर रंगनाथने लोणच्याची फोड बाजूला ठेवून सरांकडे दयेने पाहिलं. प्रशिक्षणाच्या दिवशी तो सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर तासभर झळकत होता. सगळ्या वर्गाला माहीत होता, पाहुण्यांना माहीत होता, चहा देणाऱ्या बाईंनाही असेल.

म्हणजे खातं कोणीही चालवलं असेल. पण खातं उघडलं म्हणून माणूस पहिला येत नाही. रंगनाथने खरकटा हात जपत डाव्या हाताने माउस फिरवला आणि एक गोष्ट दाखवली, जी सरांच्या डोक्यात आली नव्हती. दिग्विजय वाकळे सात वेगवेगळ्या गटांत सभासद होता.

हे कसं झालं ते सरांना उभ्या उभ्याच उमगलं, आणि उमगल्यावर ते बसले. नियम असा होता की गट पाच जणांचा हवा आणि पाचवा दुसऱ्या शाखेचा हवा. आंतरशाखीय सहकार्य. कागदावर छान होतं ते. पण ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा असल्यामुळे कॉलेजात कॉम्प्युटरची मुलं बाकांवर मावत नव्हती, आणि इतर शाखांत बाकांवर धूळ होती. दुसऱ्या शाखेची जी मूठभर मुलं होती ती पहिल्याच दिवशी पळवली गेली. उरलेल्या गटांनी करायचं काय? यंत्रणेच्या यादीत इन्स्ट्रुमेंटेशनचा एक मुलगा दिसत होता. त्याला विचारावं लागत नव्हतं. त्याने कधी नकार दिला नव्हता.

"तरी एक गंमत आहे," रंगनाथ डब्याचं झाकण लावत म्हणाला. "शाळेतल्या वर्गप्रमुखासारखा सगळीकडे फिरलाय. पण दीपाली इंगोलेच्या गटात त्याने पाऊल नाही ठेवलं."

४

सरांनी दुपार मुलांना विचारण्यात घालवली. जो तो दिग्विजयला ओळखत होता. एक म्हणाला उंच आहे, दाढी आहे. दुसरा म्हणाला गोरा आहे, बुटका आहे, हसला की गालाला खळी पडते. एका मुलीने तो नागपूरचा असल्याचं सांगितलं आणि त्याची भाषा ऐकून कसं हसू येतं ते सांगितलं, आणि मग समोर कोण बसलंय ते आठवून गप्प झाली. एकाने तर दिग्विजयने आपल्याकडून हेल्मेट नेलं आणि परत केलं नाही, अशी तक्रार केली. सरांनी तीही ऐकून घेतली. त्यांच्या आयुष्यात तक्रारी ऐकून घेण्याला तोटा नव्हता.

शेवटी आला अनिरुद्ध खळदकर. सहा फुटांचा, इंग्रजी फर्डं, क्रमवारीत तिसरा. सरांचा संशय आता त्याच्यावर येऊन ठेपला होता आणि ठेपायला जागाही होती. दिग्विजयने दीपालीला खाली ओढलं. उद्या ऐनवेळी दिग्विजय खोटा ठरला, त्याच्या नादाने दीपालीही वादात सापडली, की राहतो कोण? तिसरा.

अनिरुद्धने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि मग त्याचा चेहरा पडला. त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या गटाने दिग्विजयचं नाव टाकलं, हे खरं. पण तो खोटा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बाकी गटांतही त्याचं नाव होतं, म्हणून त्यांना वाटलं की मुलगा खरा आहे, तो खरा दुसऱ्या कुठल्या तरी गटाचा आहे, आणि आपल्याकडे तेवढा नावापुरता.

"सातही गटांना असंच वाटलं?"

"वाटलं असणार सर. कोणी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला लागलं असतं."

"आणि त्याचं काम कोण करत होतं? पाचव्याच्या वाट्याला बाहेर जाऊन माणसांशी बोलायचं काम असायचं ना?"

अनिरुद्ध खिडकीबाहेर बघू लागला. काम होऊन यायचं, म्हणाला. कुठून, ते त्याने सांगितलं नाही.

सरांनी त्याच्यासमोर अनिरुद्धच्याच गटाचं मनोगत उघडलं. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर गाडीची वेळ कळवणारं ॲप त्यांनी बनवलं होतं. दिग्विजयने लिहिलं होतं: 'मी प्रश्न घाईत विचारले. एका आजींना वाटलं मी स्टँडवरचीच आहे. त्या पिशवी माझ्याकडे ठेवून गेल्या आणि तासभर आल्या नाहीत. तेवढा वेळ मला चौकशीच्या खिडकीशेजारी बसावं लागलं. तिथे कोणीच गाडी किती वाजता येणार असं विचारत नव्हतं. येणार का, असं विचारत होते. आमचं ॲप भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं. यातून मी शिकले की आधी पिशवी सांभाळावी, मग प्रश्न विचारावेत.'

असं लिहिणारा माणूस तिथे प्रत्यक्ष बसलेला होता. 'मी शिकले' असं लिहून गेलाय म्हणजे बहुधा मुलगी होती. पण कॉलेजात मुली पन्नास, आणि पासवर्ड सगळ्यांकडे.

सर फोटोंकडे वळले. सातही गटांचे प्रकल्प पूर्ण झाल्यावरचे फोटो, त्याच प्रयोगशाळेत, त्याच भिंतीसमोर. प्रत्येकात चार चेहरे. पाचवा सभासद फोटो काढतोय, असं समजायचं. आणि प्रत्येक फोटोत मुलांच्या डोक्यांवर छताचा पंखा.

"अनिरुद्ध," सर म्हणाले, "प्रयोगशाळेत चल आणि माझा एक फोटो काढ."

५

सर भिंतीसमोर उभे राहिले. अनिरुद्धने फोटो काढला. त्यात भिंत आली, सरांचं टक्कल आलं, पंखा आला नाही. आणखी दोघा मुलांना बोलावून तेच करायला लावलं. टक्कल कमीजास्त झालं, पंखा आला नाही. मग सरांनी अनिरुद्धला खुर्चीवर बसवलं आणि बसल्या जागेवरून काढायला सांगितलं. सगळ्यांच्या डोक्यावर पंखा घेऊन फोटो आला.

म्हणजे सात वेळा, सात गटांचा फोटो कोणीतरी खुर्चीत बसून काढला होता. सरांना ते पटेना. फोटो बसून कशाला काढील कोणी? ते खोलीत परतले, खुर्चीत बसले, डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दीपाली दारातून आत आली होती आणि त्यांच्या खुर्चीशेजारी उभी होती, या वेळी मॉनिटरच्या अलीकडे. सरांनी तिच्याकडे पाहिलं. पाहायला मान वर करावी लागली नाही. सर बसलेले होते, ती उभी होती, आणि दोघांचे डोळे एका रेषेत होते.

"बस," सर म्हणाले. "नको, उभीच राहा."

मग त्यांनी एकेक गोष्ट मांडली, वर्गात मांडत तशी, ऐकणारं कोणी आहे की नाही याची फारशी आशा न ठेवता. फोटो काढणारी व्यक्ती उभी राहूनही बसलेल्या माणसाएवढीच आहे, तुझ्यासारखी. ती सात गटांच्या फोटोंत नाही आणि आठव्या, म्हणजे तुझ्या गटात तिला दिग्विजय लागत नाही, कारण तिथे ती स्वतः आहे. दुसरं असं की दिग्विजय दिसतो कसा, ते मला सगळ्यांनी सांगितलं. तू एक शब्द बोलली नाहीस.

"मला खोटं बोलता येत नाही सर," दीपाली म्हणाली. "लिहिता येतं."

"आणि तिसरं. सगळ्या जगाला पाच तारे देणारा माणूस एकाच व्यक्तीशी इतका कठोर असतो, ती व्यक्ती कोण असते?"

दीपालीने हळूहळू सगळं सांगितलं. पहिल्यांदा अनिरुद्धने विचारलं होतं, स्वारगेटला जाऊन येशील का, आम्हाला लोकांशी बोलता येत नाही. मग दुसऱ्या गटाने, मग तिसऱ्या. प्रत्येकाने कानात सांगितलं की बाकीच्यांना कळू देऊ नकोस. ती नाही म्हणू शकली नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ते काम आवडायला लागलं. एका विद्यार्थ्याने एकाच गटात काम करायचं, असा नियम होता. मग ते टाकायचं कुठे? फेकून द्यायला जीव होईना. दिग्विजय रिकामा होता, आणि नमुन्याचं खातं म्हणून यंत्रणा त्याला कुठल्याच गटात अडवत नव्हती.

"मग स्वतःला एक तारा का दिलास?"

"सगळ्यांना चांगलं चांगलं लिहून झालं होतं. खूप दमले होते सर. शेवटी माझंच नाव आलं. वाटलं, या मुलीला कोणीतरी एकदा तोंडावर सांगायला पाहिजे. दुसरं कोणी सांगत नव्हतं."

म्हणजे पहिला नंबर तिचा होता आणि दुसराही तिचा, आणि पहिल्याने दुसरीची वाट अडवली होती. सर तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्य डॉ. हिंमतराव भोईटे यांनी सगळं ऐकलं. ते संतापले नाहीत, ही काळजीची गोष्ट होती. गेल्याच आठवड्यात त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटवर दिग्विजय वाकळेला 'विद्यार्थीभूषण' म्हणून झळकवलं होतं, चेहऱ्याच्या जागी उगवता सूर्य टाकून. आता मागे फिरता येणार नव्हतं. त्यांनी खाली मान घालून विचार केला आणि मार्ग काढला. उद्या अनिरुद्धने दिग्विजय म्हणून बसायचं. मुलगा दिसायला बरा आहे, इंग्रजी बोलतो. नावाचं काय ते मागाहून बघू. कंपनीचा प्रश्न सुटेल, कॉलेजचा सुटेल, आणि कोणाचेही पोर्टफोलिओ रद्द होणार नाहीत.

"फक्त त्याला त्या कामाची माहिती नाही," प्राचार्य म्हणाले आणि दीपालीकडे वळले. "तू जरा आज त्याची तयारी करून घे. आणि उद्या शेजारी बस. अडला तर सांग. जमेल ना?"

मेश्राम सर बोलायला तोंड उघडत होते. त्याआधीच दीपाली म्हणाली, "हो सर."

६

सकाळी कंपनीच्या बाई, सृष्टी कुलथे, हडपसरहून कर्वेनगरला पोचल्या तेव्हा त्यांचा निम्मा दिवस रहदारीतच संपला होता. त्यांनी पर्स ठेवली, पाणी मागितलं आणि समोरच्या टायवाल्या मुलाला थेट विचारलं, तूच का दिग्विजय? अनिरुद्ध हो म्हणाला. एका बाजूला प्राचार्य होते, दुसऱ्या बाजूला मेश्राम सर, आणि अनिरुद्धच्या शेजारी दीपाली, हात मांडीवर ठेवून.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. अनिरुद्ध 'टीमवर्क' म्हणाला, 'चॅलेंज' म्हणाला. जिथे अडखळला तिथे दीपालीने हळूच शब्द पुरवला. प्राचार्य खुर्चीत मागे रेलले.

मग सृष्टी कुलथेंनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. त्या म्हणाल्या की हे स्वारगेटवालं त्यांनी प्रवासात दोनदा वाचलं. बाकी सगळे पोर्टफोलिओ एकाच दुकानातून आणल्यासारखे वाटले, हा नाही.

"त्या आजी परत आल्यावर काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. "ते लिहिलं नाहीये तू."

अनिरुद्धने दीपालीकडे पाहिलं. प्राचार्यांनी दीपालीकडे पाहिलं. वर्षभर जशी वाट बघितली जायची तशीच सगळी खोली तिची वाट बघत होती.

"ते त्याला माहीत नसणार, मॅडम," दीपाली म्हणाली. "तो तिथे नव्हता. मी होते."

मग पुढचंही तिनेच सांगितलं. आजी परत आल्या आणि त्यांनी आधी पिशवी तपासली. सगळं जागच्या जागी होतं. मग म्हणाल्या, एवढा वेळ बसलीस, तुझी गाडी चुकली असेल. आणि तिला सोडायला म्हणून फलाटाकडे निघाल्या. तिला कुठेही जायचं नव्हतं. पण त्यांना तसं सांगता येईना, म्हणून ती सासवडच्या गाडीत बसली आणि पुढच्या थांब्यावर उतरली. यानंतर तिने बाकीचंही सांगितलं, दिग्विजयचं, सात गटांचं, एका ताऱ्याचं, काही वगळलं नाही. अनिरुद्धने मध्येच टायची गाठ सैल केली. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता.

प्राचार्यांचा आवाज चढला. खोट्या पुराव्याचा नियम आहे, म्हणाले, सगळ्यांचे पोर्टफोलिओ रद्द होतील, हिचा सगळ्यात आधी. तेव्हा मेश्राम सर बोलले. उठून नाही, बसल्या जागेवरूनच.

"करू या रद्द. माझ्यापासून सुरुवात करा. दिग्विजयला मी व्यक्तिशः ओळखतो, असा माझा शेरा आहे. मग त्याला विद्यार्थीभूषण केलं त्यांच्यावर येऊ. मग जिथे पाचवा मिळूच शकत नाही तिथे पाच जणांचा नियम करणाऱ्या समितीवर. त्या समितीचे अध्यक्ष आपणच होतात, सर."

प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले की नियमाचा अर्थ लावताना तारतम्य ठेवावं लागतं. संध्याकाळपर्यंत सातही गटांनी आपला पाचवा कोण होता ते खरंखरं लिहून द्यावं, म्हणजे झालं.

सृष्टी कुलथे या सगळ्यात पाणी प्यायल्या. मग दीपालीला म्हणाल्या, "दिग्विजयचं मत पडतं की तुला नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे अशा मुलींवर सगळे आपापली कामं ढकलतात. दोन वर्षांत दमून निघून जातात त्या. मी दोघीतिघी घालवल्यात अशा. मला तसली माणसं नकोत."

"ते मत कालपर्यंतचं आहे, मॅडम."

"आजचं काय?"

"येईन मी. पण जे काम मी करीन ते माझ्या नावावर लागेल."

सृष्टी कुलथेंनी मेश्राम सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली. या वेळी ते खरंच व्यक्तिशः सांगत होते. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि सोमवारी हडपसरला यायला सांगितलं, सकाळी, रहदारीच्या आधी.

दीपाली फोन घेऊन व्हरांड्यात गेली. सर तिच्या मागून दमल्यासारखे बाहेर आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. मामांचा आवाज तिच्या कानाला लावलेल्या फोनातून सरांपर्यंत येत होता, शब्द नव्हे, नुसता चढउतार. तो बराच वेळ चालला. ती ऐकत होती. मग काहीतरी छोटंसं बोलली. तिने फोन खाली घेतला.

"काय म्हणाले मामा?"

"म्हणाले, इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर माझं नाव रंगवून झालंय. मोठ्या अक्षरांत. काल पेंटर येऊन गेला."

"मग?"

"म्हटलं, पुसा."